पारी-जीपी : मोठ्या आकड्यांची खाज असेल तर टाकून घ्याच

पारी-जीपी म्हणजे मोठ्या आकड्यांचं गणित करणारं कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, फ्रान्समध्ये बोर्दोला ऐंशीच्या दशकात सुरू झालं आणि अजून नवीन व्हर्जन येतात. दिसायला मात्र एकदम रुक्ष, उघडलं की एक प्रश्नचिन्ह आणि पुढे रिकामी जागा, मेनूबिनू काही नाही, काय विचारायचं ते तुम्ही टाइप करायचं.

असलं काही हातात आलं की मी आधी २ चा ६७ वा घात वजा १ टाकतो. म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनी १६४४ मध्ये हा मूळ संख्यांच्या यादीत घातला होता, मग १८७६ ला ल्युका या फ्रेंच गणितज्ञानी सिद्ध केलं की मूळ नाहीये, पण भाग कशाने जातो ते त्यालाही सांगता आलं नाही, आणि १९०३ ला फ्रँक नेल्सन कोलनी अमेरिकेत गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर सरळ गुणाकार करून दाखवला. तीन वर्षांचे रविवार गेले म्हणे त्यात. इथे फॅक्टर (factor, अवयव पाडायची आज्ञा) लिहून कंसात तो आकडा टाका न् एंटर मारा, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ लगेच हजर! हॅश (#) टाकून टायमर चालू केला तर किती मिलिसेकंद गेले तेही कळतं.

मला आवडलं ते हे की 'मूळ आहे का' आणि 'अवयव कुठले' हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे वापरता वापरता डोक्यात बसतं. इजप्राइमला (isprime, मूळ आहे का ते तपासणारी आज्ञा) शंभर अंकी आकडा द्या, हो-नाही पटकन सांगतो, पण पन्नास-पन्नास अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार फॅक्टरला दिलात तर लॅपटॉप तापत बसतो तासन्‌तास. सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका, प्रश्नच तसला आहे, आरएसए कुलुपं, म्हणजे इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत, त्याच्यावरच चालतात.

थोडं उकरून पण बघा. वरच्या दोन्ही अवयवांतून १ वजा करून १३४ नी भागा, बाकी शून्य येते, कारण घात ६७ हा विषम मूळ आहे आणि अशा आकड्याचा प्रत्येक मूळ अवयव ६७ च्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येणाराच असतो. आपल्या देवळालीचे गणितज्ञ कापरेकर यांची हर्षद संख्या (जिला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती) पण तपासता येते, वरच्या एकवीस अंकी आकड्याच्या अंकांची बेरीज sumdigits या आज्ञेनी १०९ आली, तिने भाग जात नाही, म्हणजे हर्षद नाही. (अवयव दोनच आणि दोन्ही अवाढव्य, १०९ नी जाणार कसा म्हणा.)

वाईट काय तर मॅन्युअल. गणितवाल्यांनी गणितवाल्यांसाठी लिहिलंय, शाळेतल्या पोराला दिलं तर पळून जाईल, शेजारी बसून दाखवावं लागेल. अँड्रॉइडवर पण मिळतं पण कंस न् घाताचं चिन्ह शोधत बसायला वैताग येतो, लॅपटॉपच बरा. नुसतं चाखून बघायचं असेल तर इन्स्टॉल न करता ब्राउजरमध्येही चालतं.

पाचपैकी चार, एक मॅन्युअलचा कापला.