रहस्यकादंबरी मूळ इंग्रजीतून वाचावी की मराठी अनुवादातून?

परदेशी रहस्यकादंबरी वाचायची ठरवली की मराठी वाचकापुढे पुष्कळदा दोन प्रती असतात, एक इंग्रजी आणि एक मराठी. त्यांतली कोणती उचलावी, हे मला वाचनालयाच्या कपाटापाशी आणि घरीही इतक्या जणांनी विचारले आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. मी स्वतः बरीच वर्षे अनुवादाच्या बाजूचा होतो. गेली चार-पाच वर्षे मात्र एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्या मी इंग्रजीतूनच वाचतो, आणि या बदलामागे खरे कारण एकच आहे.

आधी अनुवादाचे देणे मान्य केले पाहिजे. रहस्यकथेला वेग लागतो, आणि मातृभाषेत वाचणाऱ्याला तो आपोआप मिळतो. कोल्हापूरहून पुण्याला एसटीने जाताना तीनशे पानांचा मराठी अनुवाद स्वारगेट येण्याआधी माझ्या हातून संपतो. तेवढ्याच जाडीचे इंग्रजी पुस्तक त्याच प्रवासात जेमतेम निम्मे होते, आणि उरलेले निम्मे परतीच्या प्रवासापर्यंत मनात ताटकळत राहते. चांगल्या रहस्यकथेचा ताण असा दोन तुकड्यांत तुटला की तिची निम्मी गोडी जाते. शिवाय अनुवाद सहज हाती येतो. करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय 1850 सालापासून कोल्हापूरला वाचायला शिकवत आले आहे आणि माझ्या पिढीतील अनेकांची परदेशी कादंबरीशी पहिली भेट अशाच वाचनालयातल्या, बांधणी सैल झालेल्या मराठी अनुवादातून झाली. ती भेट झाली नसती तर पुढे इंग्रजी पुस्तकाला हात लावण्याचे धैर्यही मला झाले नसते.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, तिच्याकडे येतो.

एका ब्रिटिश कादंबरीचा अनुवाद मी मोठ्या उत्सुकतेने आणला होता. पुस्तकाचे किंवा अनुवादकाचे नाव घेत नाही, कारण दोष व्यक्तीचा नाही असे माझे आजही मत आहे. कथेत पाच संशयित होते: तीन पुरुष आणि दोन स्त्रिया. मूळ कथनाच्या अधूनमधून तिरक्या ठशात छापलेली लहान प्रकरणे होती आणि त्यांत खुनी व्यक्ती स्वतःच्या तोंडून बोलत होती. तिचे नाव, वय, रूप यांचा कसलाही पत्ता लेखकाने लागू दिलेला नव्हता. अशा पहिल्याच प्रकरणात, विसाव्या पानाच्या आसपास, मी वाचले: ‘मी पडद्याआड उभी होते.’ एका वाक्यात तीन संशयित निर्दोष सुटले. उरलेल्या दोघींपैकी एकीचा पुढे दीडशेव्या पानाच्या सुमारास खून झाला, आणि त्यानंतरची दोनशे पाने मी केवळ तपास अधिकाऱ्याला माझ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे पाहत बसलो. वर्षभराने तेच पुस्तक इंग्रजीतून वाचले, तेव्हा लेखकाने पाचही जणांवर संशयाची सावली शेवटच्या प्रकरणापर्यंत किती जपून, किती कष्टाने धरून ठेवली होती हे दिसले, आणि मला खरोखर वाईट वाटले. ते कष्ट माझ्यापर्यंत पोचलेच नव्हते.

इंग्रजीत ‘मी’ बोलतो तेव्हा तो पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ते लपत नाही. ‘मी थांबलो’ किंवा ‘मी थांबले’, ‘मी वाट बघतो’ किंवा ‘मी वाट बघते’ यांतले एक निवडावेच लागते. साधे ‘उभा’ आणि ‘उभी’ही गुपित फोडतात. काही पळवाटा आहेत. ‘मी दार उघडले’ या वाक्यात क्रियापद दाराच्या मागे जाते, त्यामुळे बोलणारा झाकला राहतो. ‘मला आठवले’, ‘माझ्या हातून सुरी पडली’, ‘मी तिथे जात असे’, ‘मी उद्या येईन’ ही वाक्येही सुरक्षित आहेत. पण माणूस गेला, आला, बसला, उठला, बोलला, विसरला, घाबरला या क्रियांशिवाय खुनाची कथा किती पाने सांगणार? पान-दोन पाने कुशल अनुवादक हा तोल सांभाळतो आणि तो सांभाळलेला दिसला की मी मनोमन त्याला दाद देतो. त्यापुढे वाक्ये अवघडू लागतात, आणि सराईत वाचकाला त्या अवघडलेपणातूनच काहीतरी लपवले जात असल्याचा वास येतो. ‘आम्ही’ वापरले तर ‘आम्ही थांबलो’ हे दोघांनाही चालते, परंतु मग खुनी एखाद्या संस्थानिकासारखा बोलू लागतो.

तृतीयपुरुषी कथनात परिस्थिती जरा बरी आहे. ‘ती व्यक्ती आत शिरली’, ‘एक आकृती जिन्यावरून उतरली’ असे लिहिता येते, कारण व्यक्ती आणि आकृती हे शब्द मुळातच स्त्रीलिंगी आहेत आणि त्यांतून काही उघड होत नाही. तरी तीनशे पानांत ‘ती व्यक्ती’ साठ वेळा आली की कान किटतात. काही अनुवादक सरळ ‘खुनी आत शिरला’ असे रूढ पुल्लिंग वापरतात, आणि शेवटी खुनी स्त्री निघाली की आपल्याला फसवल्याची भावना वाचकाच्या मनात राहते. रहस्यकथेतला वाचक चकवा आनंदाने सहन करतो, खोटे विधान सहन करत नाही.

यावर कोणी म्हणेल की एवढ्या एका अडचणीसाठी सगळा अनुवाद बाजूला का सारावा. तसे माझे म्हणणे नाही, पण ही अडचण एकटी येत नाही. संबोधनांचे पाहा. जेनिस हॅलेट यांच्या ‘द अपील’ या 2021 मधील कादंबरीत जवळजवळ सगळी कथा ईमेल, निरोप आणि चिठ्ठ्या यांतून उलगडते. एका हौशी नाट्यसंस्थेतली माणसे एका लहान मुलीच्या उपचारांसाठी निधी गोळा करत असतात, आणि तो पत्रव्यवहार वाचून सत्य शोधण्याचे काम दोन शिकाऊ वकिलांकडे आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडे सोपवलेले असते. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात हौशी संघांच्या तालमी आणि त्यांतले मानापमान ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना ही माणसे परकी वाटणार नाहीत. इंग्रजीत हे सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने हाक मारतात, त्यामुळे कोणाची कोणाशी किती जवळीक आहे हे आपल्याला शब्दांच्या आडून ताडावे लागते, आणि वाचनाचे खरे सुख त्यातच आहे. मराठीत प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत ‘तू’, ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ यांपैकी एक लिहावेच लागेल, आणि लिहिताक्षणी आपल्याला जे ताडायचे होते ते अनुवादकाने आपल्यासाठी ठरवलेले असेल. हे पुस्तक मी कोणालाही इंग्रजीतूनच घ्यायला सांगेन. त्यातील भाषा रोजच्या व्यवहारातली आहे. शब्दकोश फारसा लागत नाही.

अँथनी होरोविट्झ यांच्या ‘मॅगपाय मर्डर्स’ (2016) बद्दलही माझा सल्ला हाच आहे, जरी कारण वेगळे असले तरी. एका संपादिकेच्या हाती रहस्यकादंबरीचे हस्तलिखित येते, त्याचा शेवट गायब असतो, आणि आपण ती आतली कादंबरी वाचत वाचत बाहेरच्या कादंबरीत शिरतो. आतल्या कथेतल्या नावांत पक्षी लपलेले आहेत, आणि शब्दांशी, अक्षरांशी लेखक जो खेळ खेळतो तो इंग्रजी लिपीचाच आहे. यापेक्षा अधिक सांगणे योग्य होणार नाही. हा खेळ दुसऱ्या भाषेत न्यायचा तर तळटीप द्यावी लागेल, आणि रहस्यकथेत तळटीप म्हणजे बहुधा उत्तरपत्रिकाच.

नात्यांच्या शब्दांत मात्र मराठीचे पारडे जड होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वारसाहक्कावरून होणाऱ्या खुनांच्या इंग्रजी कादंबऱ्यांत चुलत, आते, मामे, मावस सगळ्यांना एकच शब्द, आणि दीर, मेहुणा, साडू यांनाही एकच. मला दर चार पानांनी मागे जाऊन वंशावळ पाहावी लागते. मराठी अनुवादात ‘साडू’ म्हटले की घरातली सगळी रचना डोळ्यांपुढे उभी राहते. मूळ लेखकाने नाते मुद्दाम धूसर ठेवले असेल तर हाच गुण दोष ठरतो. पण असे क्वचितच होते.

मराठीची दुसरी बाजू मला उशिरा कळली. ज्या कादंबरीत एक पुरुष आणि एक स्त्री आळीपाळीने स्वतःच्या तोंडून कथा सांगतात आणि ते कोण आहेत हे पहिल्यापासून उघड असते, तिथे आपली क्रियापदे वाचकाला मदतच करतात. ॲलेक्स मायकेलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ (2019) या रचनेची आहे. पतीवर गोळ्या झाडून त्यानंतर एकही शब्द न बोललेली चित्रकार ॲलिसिया तिच्या दैनंदिनीतून बोलते आणि बाकीची कथा तिच्यावर उपचार करू पाहणारा थिओ सांगतो. इंग्रजीत पुस्तक मध्येच उघडले तर कोण बोलत आहे हे कळायला दोन ओळी लागतात. मराठीत पहिल्याच ‘गेलो’ किंवा ‘गेले’ने आवाज वेगळा होतो. अशा पुस्तकाचा बरा अनुवाद हाती आला तर तो निःशंकपणे घ्यावा.

केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ बाबतीत तर इंग्रजीचा आग्रह धरण्याला अर्थच उरत नाही, कारण तिथे इंग्रजी प्रत हाही अनुवादच आहे. जपानीत 2005 साली आलेले पुस्तक इंग्रजीत 2011 मध्ये आले. खून कोणाच्या हातून झाला हे लेखक आरंभीच दाखवतो. प्रश्न उरतो तो असा, की खून करणाऱ्या यासुकोच्या शेजारी राहणाऱ्या इशिगामी या गणिताच्या शिक्षकाने तो झाकण्यासाठी नेमके काय रचले आणि त्याचा जुना मित्र, पदार्थवैज्ञानिक युकावा, तिथवर कसा पोचतो. खुनी लपवायचाच नाही, त्यामुळे मराठी क्रियापदे इथे काही फोडू शकत नाहीत. त्यात जपानी नावे देवनागरीत विलक्षण सहज बसतात. यासुको, इशिगामी, युकावा ही नावे लिहिली तशीच वाचली जातात. रहस्यकथा फारशी न वाचलेल्या माणसाला सुरुवात करायला मी नेहमी हेच पुस्तक सुचवतो. शेवटची वीस पाने वाचून झाल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होतो.

लिंग लपवण्याची इंग्रजीची ताकद किती दूर जाते हे पाहायचे असेल तर थोडे जुने पुस्तक शोधावे. सारा कॉडवेल यांची ‘दस वॉज अडोनिस मर्डर्ड’ 1981 मध्ये आली. तिचा निवेदक हिलरी टेमर हा ऑक्सफर्डमधला कायद्याच्या इतिहासाचा प्राध्यापक आहे, आणि पुढच्या तिन्ही कादंबऱ्या संपल्या तरी हिलरी पुरुष की स्त्री हे लेखिका सांगत नाही. मीसुद्धा या एकाच वाक्यात ‘प्राध्यापक’ लिहून आणि ‘चा’ लावून पक्षपात केला आहे. मराठीत दुसरा सोपा मार्ग मला सापडला नाही.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकाला जात नसे, कारण तेव्हा अनुवादापेक्षा रूपांतराची रीत होती. कादंबरीकार गो. ना. दातारांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठी वेशात आणल्या तेव्हा माणसे, गावे, प्रसंग सगळे बदलण्याची मुभा त्यांनी घेतली होती, आणि जिथे भाषा आड येईल तिथे प्रसंगच वेगळा रचता येत होता. आजच्या अनुवादकाला मूळ संहितेशी इमान राखावे लागते, ते योग्यही आहे, पण त्याची किंमत रहस्यकथेला मोजावी लागते.

म्हणून दुकानात किंवा वाचनालयात उभे असताना मी एक साधी गोष्ट करतो. मराठी प्रत उघडतो आणि तिरक्या ठशातली, बिननावाच्या ‘मी’ची प्रकरणे आहेत का ते पाहतो. तसे असेल तर एक ओळही न वाचता पुस्तक मिटून ठेवतो आणि इंग्रजी प्रत घेतो, मग ती वाचायला आठवडा लागला तरी चालेल. नसेल, तर पहिली दोन पाने मराठीत वाचून पाहतो. संवाद बोलल्यासारखे वाटले तर मराठी प्रतच घरी येते. अलीकडे या कसोटीने माझ्या हाती इंग्रजी प्रत अधिक वेळा लागते, कारण लपलेल्या ‘मी’ची रचना या काळात फार लोकप्रिय झाली आहे. ज्यांना इंग्रजी वाचताना अडखळायला होते त्यांनी माझे ऐकून वाचनाचा आनंद गमावू नये. पण थोडे जरी सवयीचे असेल तर या जातीच्या पुस्तकांसाठी तेवढे कष्ट घ्यावेत असे मला मनापासून वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्याच अंगणातली आहे आणि ती माझ्या लक्षात फार उशिरा आली. कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘जातो मी’ असेच म्हणतात. माझी आत्या दारातून हाक मारते ती ‘आलो रे बाळा, थांब जरा’ अशी. प्रमाण मराठीतले जे क्रियापद खुन्याचे गुपित पहिल्या ओळीत फोडते, ते आमच्या बोलीत राखले जाते. या बोलीत मुळातूनच लिहिलेली, बिननावाच्या ‘मी’ची एखादी रहस्यकादंबरी आली तर पुण्या-मुंबईचा वाचक ‘मी पडद्याआड थांबलो’ वाचून सगळ्या बायकांना निर्दोष ठरवील, आणि आत्या मात्र पान उलटण्याआधी सगळ्यांचा संशय घेईल. असे पुस्तक अजून माझ्या वाचनात आलेले नाही. आले तर मराठीतूनच वाचीन.