जुन्या गाडीत गिअर रिडक्शन सेल्फ बसवला, त्याचा रिव्ह्यू

जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी मूळच्या जाडजूड सेल्फच्या जागी थेट बसणारा गिअर रिडक्शनवाला छोटा स्टार्टर मिळतो ना, तो मी बसवलाय आणि बरेच महिने वापरतोय. पाचपैकी चार स्टार. वस्तू खरंच मस्त आहे, एक स्टार कापलाय तो सोबत आलेल्या वायरिंगच्या कागदासाठी, त्याबद्दल खाली नीट लिहितो कारण तिथेच लोक अडकतात.

पण त्याआधी, सेल्फ लागत नाही म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका प्लीज. पुष्कळदा सेल्फ चांगला असतो आणि दोष वायरमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये असतो, मग नवा महागाचा स्टार्टर बसवूनही गाडी तशीच रडते. माझ्या गाडीची तक्रार अशी की थंड असताना ठीक, पण इंजिन गरम झाल्यावर सेल्फ जड फिरायचा आणि कधी कधी नुसता एकदा टक् आवाज येऊन सगळं गप्प. कॉइलची वायर काढून अर्थ केली म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि मल्टिमीटर लावला. बॅटरी नुसती उभी असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या वर राहिली, म्हणजे बॅटरी सुटली. साधारण ९.६ च्या खाली गेली असती तर आधी बॅटरीच बघायला हवी होती.

मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्टेज वाया जातंय ते. हे सगळ्यांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही बरं का, खुद्द खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तेवढं व्होल्टेज केबलमध्ये, जॉइंटमध्ये किंवा सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) जळलेल्या कॉन्टॅक्टमध्ये खर्च होतंय. तसंच मायनसची खुंटी आणि स्टार्टरची बॉडी, इथे ०.२-०.३ च्या पुढे नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं त्यामुळे सेल्फचा सगळा करंट, छोट्या चार सिलिंडरलाही शंभर-दीडशे अँपिअर सहज, त्या एका विणलेल्या अर्थ पट्टीतून परत जातो. ती पट्टी गंजली किंवा तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जे सापडेल ते. सेल्फ मारून झाल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा, गरम लागली तर स्टार्टर विसरा आणि पट्टी बदला!

माझ्याकडे दोन्ही बाजू साफ निघाल्या, मोटरपर्यंत व्होल्टेज पूर्ण पोचत होतं आणि तरी ती जड, म्हणजे दोष आतच. उघडल्यावर कार्बन झिजलेले आणि बुश (शाफ्टला आधार देणारी ब्राँझची नळी) इतका ढिला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेरच्या स्थिर फील्डच्या लोखंडाला घासत होतं, चकचकीत ओरखडे दिसत होते. गरम झाल्यावर त्रास वाढायचा याचंही कारण आहे, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो आणि हा सेल्फ एक्झॉस्टच्या शेजारीच बसतो. नुसते कार्बन आणि बुश गेले असते तर मी तोच दुरुस्त केला असता, ब्राँझचा बुश इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून बसवायचा, फार अवघड काम नाही. आर्मेचर खराब होतं म्हणून नवा घेतला.

नव्याबद्दल. हलका आहे, एका हाताने धरून बोल्ट लावता येतो हे खालून काम करणाऱ्याला विचारा काय सुख आहे ते. आत छोटी मोटर जोरात फिरते आणि गिअर तिचा वेग कमी करून ताकद वाढवतो, म्हणून करंट कमी खातो. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज आता पूर्वीपेक्षा वर राहतं, स्पार्कही चांगला मिळतो, आणि गरम इंजिन पहिल्याच झटक्यात उचलतं. आवाज मात्र बदलतो, जुना घरघर आवाज जाऊन बारीक किर्रर्र येतो, काहींना तो जुन्या गाडीत खटकेल. मला नाही खटकत.

आता वायरिंग. ज्या गाड्यांना सोलेनॉइड वेगळं, बॉडीवर बसवलेलं असतं, त्यांच्यासाठी कागदात एक ओळ आहे की स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवरून त्याच्या अंगच्या सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला जंपर, म्हणजे जोडवायर, मारा. चालतं, पण चावी सोडल्यावर सेल्फ क्षणभर किरकिरत राहतो. मोटरमध्ये कायमचे चुंबक आहेत, फिरत असताना ती स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि त्या जंपरमधून स्वतःचंच सोलेनॉइड धरून ठेवते. याने पिनियनचं, म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंगेत अडकणाऱ्या सेल्फच्या छोट्या गिअरचं, वाटोळं होतं. बरोबर पद्धत म्हणजे स्टार्टरची जाड केबल जुन्या सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर घ्या आणि दुसऱ्या बोल्टवरून एक वेगळी वायर नव्या स्टार्टरच्या छोट्या टर्मिनलला न्या. जुनं सोलेनॉइड मग रिले म्हणून काम करतं आणि इग्निशन स्विचवर लोडही येत नाही. फक्त लक्षात ठेवा, आता ती जाड केबल कायम लाइव्ह आहे, बोल्टवर रबरी टोपी हवीच, केबल एक्झॉस्टपासून लांब हवी, आणि खाली हात घालायच्या आधी बॅटरी सोडवायची. हे चार वाक्यांत छापता आलं असतं त्यांना.

बसवताना फ्लायव्हीलची रिंगही टॉर्च मारून पूर्ण फिरवून बघून घ्या, चार सिलिंडर इंजिन बंद होताना बहुतेक वेळा दोनच ठराविक जागी थांबतं त्यामुळे दात तिथेच खाल्लेले असतात, आणि तसे असतील तर नवा स्टार्टरही तिथे खरखरणारच. पिनियनचे दात आपल्या रिंगला जुळतात का ते विकणाऱ्याला आधी विचारा, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत फरक असतो. उदाहरणार्थ एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये १९६७ च्या शेवटी बेंडिक्सवाला सेल्फ (मोटर फिरली की पिनियन झटक्याने पुढे जाणारा) जाऊन प्री-एंगेज्ड (सोलेनॉइड आधी पिनियन अडकवतं, मग मोटर फिरते) आला आणि त्याच वेळी पॉझिटिव्ह अर्थही, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडण्याची पद्धत, गेलं.

पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनी तर घेण्याआधी थांबाच. जुन्या सेल्फमध्ये फील्डचं वाइंडिंग असतं, प्लस-मायनस उलटं केलं तरी तो त्याच दिशेने फिरतो. कायम चुंबकवाला उलट फिरेल. गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल किंवा स्टार्टर पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलाय असं विकणारा लेखी देत असेल तरच घ्या, नाहीतर जुनाच रिवाइंड करून नवे बुश टाका, आणि त्याच्या बेंडिक्सला तेल अजिबात लावू नका, क्लचची धूळ चिकटून पिनियन अडकतो.