मनूचा बायफोकल चष्मा: भिंगाला पूर्ण गुण, फ्रेम मात्र पारखून घ्या

माझी लेक मनू दुसरीत आहे आणि तिला डाउन सिंड्रोम आहे. तिच्या बायफोकल चष्म्याबद्दल, म्हणजे एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या चष्म्याबद्दल, लिहिते आहे, कारण "एवढ्या लहान मुलीला बायफोकल कशाला?" असं मला नातेवाइकांपासून चष्म्याच्या दुकानातल्या माणसापर्यंत सगळ्यांनी विचारलं.

मनूला प्लस नंबर आहे, शिवाय थोडा सिलिंडर. साध्या चष्म्यातून तिला लांबचं बऱ्यापैकी दिसायचं. पण वही पुढ्यात आली की ती मान वळवायची आणि पेन्सिल खाली ठेवायची. शाळेतून शेरा यायचा, "लक्ष देत नाही." मग एका ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी तिची जवळची नजर वेगळी तपासली. हातभर अंतरावर एक रंगीत चित्र धरलं आणि मनू ते बघत असतानाच रेटिनोस्कोपचा, म्हणजे नंबर तपासायच्या छोट्या उपकरणाचा, उजेड डोळ्यात टाकून पाहिला. तिला एकही अक्षर वाचावं लागलं नाही की काही सांगावं लागलं नाही. तिचा डोळा त्या चित्रावर फोकस करतच नव्हता.

ही अडचण एकट्या मनूची नाही. ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठात मॅगी वुडहाऊस यांच्या गटाने या मुलांच्या नजरेवर अनेक वर्षं काम केलं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांचे डोळे जवळ बघताना पुरेसं फोकस करत नाहीत, आणि लांबचा नंबर बरोबर दिला तरी ही उणीव राहते, असं त्यांना आढळलं. अशा मुलाला पुस्तक कायम धूसरच दिसतं. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो, याचा मला फार राग येतो.

आता भिंगाविषयी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खालच्या भागाची रेष कुठे येते. मोठ्या माणसांच्या बायफोकलमध्ये ती खालच्या पापणीच्या आसपास असते. लहान मुलांना ती थेट बाहुलीच्या मध्यावर हवी, म्हणजे वहीकडे बघताना नजर आपोआप खालच्या भागातून जाते. मूल मुद्दाम डोळे खाली वळवेल या भरवशावर राहता येत नाही. दुकानदार सवयीने रेष खाली घेतो, म्हणून माप घेताना समोर उभं राहा आणि चष्मा हातात आल्यावर मुलाच्या डोळ्यांवर ठेवून पुन्हा बघा.

म्हणूनच फ्रेमचा प्रश्न मोठा आहे. मनूच्या नाकाचा वरचा भाग सपाट आहे आणि कान लहान. बाजारातल्या बहुतेक फ्रेम तिच्या गालांवर टेकतात आणि घसरतात. चष्मा घसरला की रेषही घसरते आणि बायफोकलचा सगळा उपयोग संपतो. अमेरिकेत मारिया डेलापिना यांनी स्वतःच्या मुलीसाठी ही अडचण सोडवायला घेतली आणि त्यातून अशा चेहऱ्यांसाठी खास फ्रेम तयार झाल्या. तशी फ्रेम मिळाली तर उत्तमच. आम्ही नाकावरचा पूल खाली असलेली, कानामागे वळणाऱ्या मऊ काड्यांची फ्रेम शोधली आणि मागे पट्टा लावला. आता ती हलत नाही.

फरक पडला का? पडला. मनू चित्रांची पुस्तकं स्वतःहून उघडते आणि अक्षरं रेघेवर येऊ लागली आहेत. मणी ओवताना ती भोक शोधते, पूर्वी अंदाजाने दोरा खुपसायची. काही मुलं बायफोकल वापरता वापरता स्वतः फोकस करू लागतात आणि पुन्हा साध्या चष्म्यावर येतात. मनूचं तसं होईल की नाही ते पुढच्या तपासण्यांत दिसेलच.

उणिवाही सांगते. सुरुवातीला जिना उतरताना पायऱ्या अस्पष्ट दिसायच्या, त्यामुळे हात धरावा लागला. पॉलीकार्बोनेटचं भिंग सहजी फुटत नाही, पण त्यावर ओरखडे पटकन पडतात. आणि नंबर अगदी अचूक असला तरी या मुलांची नजर इतर मुलांइतकी तीक्ष्ण नसते, फिकट रंगांतला फरकही त्यांना कमी कळतो. म्हणून मनूच्या वहीत मी रेघा काळ्या मार्करने जाड करून देते, आणि शाळेतही फिकट पेन्सिलऐवजी ठळक पेनच मागितलं आहे.

चष्मा मिळाला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं मात्र थांबवू नका. तिरळेपणा, डोळे थरथरणं, जन्मजात मोतीबिंदू, अश्रुनलिका बंद असणं, पापण्यांच्या कडा सुजणं, हे सगळं या मुलांमध्ये जास्त आढळतं. डोळ्याच्या रंगीत पडद्यावरचे (आयरिसवरचे) जन्मजात पांढरे ठिपके तेवढे निरुपद्रवी. पहिली तपासणी सहा महिन्यांच्या आतच व्हावी. मूल वयात येऊ लागलं की केराटोकोनसकडे, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन पुढे येण्याकडे, लक्ष ठेवावं लागतं. डोळे चोळण्याने त्याचा धोका वाढतो, म्हणून मनूची ती सवय आम्ही आत्तापासूनच सोडवतो आहोत.

जवळच्या नजरेची तपासणी न करता कोणी बायफोकल देत असेल तर घेऊ नका. आणि ती तपासणी न करताच कोणी "गरज नाही" म्हणत असेल, तर दुसरीकडे जा.