जुना सॅक्सोफोन कोणाच्या हातात द्यावा?

जुन्या सॅक्सोफोनसाठी मुंबईत साधारण तीन वाटा आहेत: लग्नाच्या बँडची वाद्यं सांभाळणारा कारागीर, वाद्यांच्या दुकानाचं काउंटर, आणि क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच करणारा तंत्रज्ञ. तिघांच्या दरात मोठा फरक, पण नुसत्या दरावर जाऊ नका.

पोचे काढणं, निखळलेला ब्रेस (नळ्यांना जोडणारा आधार) डाख देऊन बसवणं, पडून वाकलेली बेल (पुढचं पसरट तोंड) सरळ करणं यात बँडच्या कारागिराचा हात धरणारा नाही. पाचपैकी साडेचार. पॅडसाठी, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं बंद करणाऱ्या गाद्यांसाठी, मात्र दोनसुद्धा जड जातात. पॅड नीट टेकत नसला की चावी वाकवायची, त्यानेही भागलं नाही तर भोकाच्या कडेवर कानस मारायची, ही सवय सर्रास दिसते. 1930च्या दशकातल्या कॉन या अमेरिकन कंपनीच्या सॅक्सोफोनवर ती कानस चालली की संपलंच: त्या भोकांची कड बाहेर गोल वळवलेली असते आणि एकदा घासली गेली की ती परत येत नाही. 1920च्या दशकातल्या ब्यूशर कंपनीच्या ट्रू टोन सॅक्सोफोनची वेगळीच तऱ्हा. त्याचे पॅड चिकटवलेले नसतात. चावीच्या वाटीत मधोमध छोटी खुंटी असते, पॅड तिच्यावर चढतो आणि वरून धातूची चकती दाबून बसते. साधे पॅड बसवायला सोपं जावं म्हणून ही खुंटी छाटणारे महाभाग आहेत. ब्यूशर कामाला देण्याआधी ‘याच्या पॅडचं काय करणार?’ एवढं विचारा. ‘चिकटवून टाकू’ असं उत्तर आलं तर वाद्य उचला आणि निघा.

दुकानाच्या काउंटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पावती मिळते, पण बरेचदा काम बाहेर जातं आणि जो ते करतो त्याच्याशी तुमचं बोलणंच होत नाही. रीड-कॉर्कसाठी ठीक.

खरा तंत्रज्ञ ओळखायचा तो अंदाजपत्रकावरून. तो आधी नेक (तोंडाकडची वाकडी नळी) काढून तिचा सांधा ढिला आहे का बघतो. मग बॉडीत एलईडीची पट्टी सोडून अंधारात एकेक पॅड दाबतो आणि उजेड कुठून झिरपतो ते तुम्हालाही दाखवतो. शंका आली तर सिगारेटच्या कागदाची चिंचोळी पट्टी पॅडखाली चार बाजूंनी ओढून बघतो. ओढ चहूकडे सारखी लागली पाहिजे. त्यानंतरच पैशांचं बोलतो. न बघता ‘सगळे पॅड बदलावे लागतील’ म्हणणारा नको. आल्टो सॅक्सोफोनला वीस-पंचवीस पॅड असतात, पण त्यातले चार-पाचच गेलेले असतात असं पुष्कळदा होतं.

बी आणि बी फ्लॅट हे सगळ्यात खालचे सूर घोगरे वाजतात ही नेहमीची तक्रार घ्या. जी शार्पची चावी दाबून ठेवा आणि उजव्या हाताने एफ दाबा. जी शार्पचा पॅड पूर्ण मिटला पाहिजे. केसभर उघडा राहिला तर गळती तिथेच आहे. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, स्क्रू नसेल तर कॉर्कचा पातळ तुकडा लावायचा, काम झालं. या तक्रारीवर पूर्ण ओव्हरहॉल (सगळं वाद्य खोलून नव्याने जुळवणं) सुचवणारा एक तर अनाडी आहे किंवा लबाड.

ओव्हरहॉल खरंच लागणार असेल तर पॅड, कॉर्क, फेल्ट, गंजलेल्या स्प्रिंगा (समुद्रकाठच्या हवेत निळ्या पोलादी सुया लवकर जातात) आणि चाव्यांचा खुळखुळा हे सगळं त्यात धरलंय ना, ते लिहून घ्या. ब्यूशर सोडून बाकी वाद्यांत पॅड चपडा लाखेने बसवणार असेल तर उत्तम. पुढे नुसतं गरम करून सरळ करता येतात. अमेरिकेत याच कामाला सहज हजार डॉलरच्या आसपास जातात, तेव्हा इथला दर ऐकून लगेच दचकू नका.

‘बफ मारून नवं लॅकर चढवतो’ याला साफ नाही म्हणा. बफमध्ये पितळ झिजतं, नक्षी पुसट होते आणि सेल्मर कंपनीच्या मार्क सिक्ससारख्या नावाजलेल्या वाद्याची किंमत उतरते. सीरियल नंबरपाशी ‘एच’ किंवा ‘एचपी’ कोरलेलं असेल तर दुरुस्तीवर रुपयाही घालू नका: ते जुन्या चढ्या पट्टीचं वाद्य आहे, आजच्या 440 हर्ट्झच्या पट्टीला कुणीही आणू शकत नाही.

नवे पॅड काही आठवड्यांत बसतात आणि थोडे हलतात, त्यामुळे एकदा फुकट सेटिंग करून देण्याचं आधीच ठरवा. जुने पॅड आणि चकत्याही मागून घ्या. ब्यूशरच्या चकत्या तर मोजून.