किचन वजनकाटा घेतला आणि कपकेकचा रेट बदलला

पुण्यातल्या बोहरी आळीतून डिजिटल किचन वजनकाटा आणलाय, 5 किलोपर्यंत मोजतो, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, आता दोन महिने झाले वापरतेय. आधी वाटी-चमच्याने अंदाज असायचा आणि सोसायटीत व्हॅनिला कपकेक 25 रुपयाला एक द्यायचे, कारण शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की घरचंच तर आहे, जास्त कशाला.

काट्यावर सगळं मोजलं तेव्हा कळलं की 12 कपकेकला क्रीम धरून 190 ग्रॅम बटर जातं, म्हणजे साधारण 115 रुपये नुसते बटरचेच! मैदा, साखर, अंडी, दूध मिळून 60, पेपर कप आणि 6-6 चे दोन बॉक्स 50, ओव्हनची लाइट 15 धरली. झाले 240, म्हणजे एका कपकेकला 20 रुपये. आणि माझे अडीच तास? ते मी कधी धरलेच नव्हते. तासाला 120 लावले तरी एकामागे अजून 25 येतात. आता सरळ 50 सांगते, अर्धा डझनाच्या खाली ऑर्डर घेत नाही, कोथरूडच्या बाहेर डिलिव्हरी वेगळी. दोन गिऱ्हाइकं गेली, वाईट वाटलं पण बाकीच्यांनी काहीच कुरकुर केली नाही.

काट्याचं टेअर बटण फार कामाचं, ते दाबलं की भांडं ठेवलेलं असतानाच आकडा शून्यावर येतो, म्हणून एकाच भांड्यात सगळं मोजता येतं. एकच त्रास, हळूहळू काही घालत बसलं की मधेच बंद होतो आणि आकडा जातो. तरी घरून ऑर्डरी घेणाऱ्या प्रत्येकीने घ्याच.