जात्यादी तेल: डाव्या गुडघ्यावर हे, उजव्यावर साधं तिळाचं

गेल्या महिन्यात सोसायटीच्या वळणावर बांधकामाच्या वाळूत स्कूटी घसरली आणि माझे दोन्ही गुडघे सोलवटले. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले, नळाखाली साबणानं धूत एकेक खडा काढला, आणि ठणका सोसत असतानाच डोक्यात आलं की माणूस एक, जखमा दोन, आकारही जवळपास सारखा. अशी संधी पुन्हा कशाला येतेय! नवऱ्यानं कपाळावर हात मारला.

एम.फार्म.ला माझा विषय कंबरमोडी होता. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी. बांधावर विळा लागला की आजी तोच पाला चोळून रस पिळायची. आम्ही त्याचा अर्क काढून साध्या मलमात 5 टक्के कालवायचो आणि पांढऱ्या उंदरांच्या पाठीवरच्या जखमेला लावायचो. सहा-सहा उंदरांचे गट असत: एकाला काहीच नाही, एकाला नुसतं मलम, एकाला पोव्हिडोन आयोडिन हे नेहमीचं जंतुनाशक, एकाला अर्काचं मलम. दर चौथ्या दिवशी जखमेवर पारदर्शक कागद धरून मार्करनं कड गिरवायची, तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवायचा आणि मिलिमीटरचे चौकोन मोजत बसायचं. त्या कामात सगळ्यात जास्त छळलं ते 'नुसतं मलम' गटानं. अर्काचा थेंब नाही, तरी काहीच न लावलेल्यांपेक्षा बरा. म्हणून या वेळी जात्यादी तेलाबरोबर, म्हणजे जखमेवर लावायच्या आयुर्वेदिक तेलाबरोबर, साध्या तिळाच्या तेलाचीही बाटली काढली. जात्यादी शिजतं तेही तिळाच्याच तेलात.

तेल मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं, 50 मिली, 95 रुपये. नावातली जाती म्हणजे जाई, पण वापरतात तिची पानं. सोबत कडुनिंब, करंज, हळद, दारुहळद, मंजिष्ठ, लोध्र, ज्येष्ठमध, मेण आणि शुद्ध केलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. बाटलीवर हे सगळं बारीक अक्षरात का होईना, पण छापलं होतं. तेल हिरवट, वास कडवट, थोडा करपलेल्या पाल्यासारखा. मला तो वास विश्वासाचा वाटला.

त्याआधी ऑनलाइन मागवलेली दुसरी बाटली मात्र उघडताच घरभर गजऱ्याचा घमघमाट. जाईच्या पानांना कुठला आलाय गजऱ्याचा वास? वर घटकांच्या यादीत मोरचूद गायब आणि शेवटी 'सुगंधी द्रव्य'. ओल्या जखमेवर अत्तर लावायची माझी तयारी नव्हती, परत पाठवली.

आता निकाल. पहिल्या दिवशी डावी जखम 412 चौरस मिलिमीटर, उजवी 388. पाचव्या दिवशी 251 आणि 249. नवव्या दिवशी 74 आणि 88. डावीकडची खपली बाराव्या दिवशी आपोआप सुटली, उजवीकडची तेराव्या. एका दिवसाचा फरक, तोही मीच मोजलेला आणि कुठल्या गुडघ्याला काय लावलंय हे मला माहीत असताना. प्रबंधात हे लिहिलं असतं तर गाईडनं वही तोंडावर फेकली असती. खरा फायदा दोन्ही तेलांनी सारखाच दिला, पट्टी चिकटली नाही. पूर्वी कोरडा गॉज ओढताना खपलीसकट नवी कातडी यायची आणि डोळ्यांत पाणी. डावीकडे एक गोष्ट वेगळी जाणवली, पहिले तीन दिवस पाझर कमी होता. मोरचुदाचं काम की माझ्या मनाचं, देव जाणे.

तेलाची बाजू घ्यायची तर घेता येते. मुंबईच्या रुईया कॉलेजच्या संशोधकांनी 2011 मध्ये हेच तेल उंदरांवर तपासलं होतं. जखम बाजारातल्या अँटिबायोटिक मलमापेक्षा लवकर लहान झाली आणि ऊतीत हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे कातडी बांधणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची खूण, वाढलेली दिसली. पण उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. आपली बरीचशी नवी कातडी येऊन भरते. त्यामुळे तिथले दिवस जसेच्या तसे माझ्या गुडघ्यावर आणता येत नाहीत. हळदीचंच बघा. हळदीनं जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं, 1997 मध्ये ते रद्द करवलं. छाती फुगतेच, पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच की हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. हळद किती आणि कशी लावली की जखम किती दिवसांत भरते, हे चौकोन मोजल्याशिवाय कळत नाही.

कुणी घ्यावं? घरच्या खरचटण्याला, धुऊन साफ केलेल्या जखमेला जरूर. मधुमेह्याच्या पायाची जखम, खोल चीर, पू, लाल पसरणारी कड यांवर याचा थेंबही नको, सरळ डॉक्टर गाठा. माझ्या सासऱ्यांनी उरलेली बाटली टाचेच्या भेगांसाठी केव्हाच पळवली आहे, आणि ते खूश आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा झाकणासाठी कापला: ते नीट बसत नाही, पर्समध्ये पाझरलं आणि नव्या सलवारीवर पडलेला हिरवा डाग तीन धुण्यांनंतरही गेलेला नाही.