व्हिनायल की फायबर सिमेंट? साइडिंगचं कोटेशन हातात आल्यावर

साइडिंगची, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवर बसवायच्या आवरणाची, दोन कोटेशनं समोर ठेवून बसलेल्यांसाठी हे लिहितोय. एक व्हिनायलचं (प्लास्टिकच्या पट्ट्या), एक फायबर सिमेंटचं (तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्या), आणि तळाच्या आकड्यांत डोळ्यांत भरेल इतका फरक. नमुन्याचे तुकडे एव्हाना हाताळून झाले असतील, त्यामुळे कुठला माल कशाचा बनतो वगैरे सांगत बसत नाही. मी आधी बरीच वर्षं व्हिनायलच्या घरात राहिलो आणि साइडिंग बदलायची वेळ आली तेव्हा फायबर सिमेंट लावलं. माझा कल लपणार नाही. पण व्हिनायलची बाजूही नीट मांडतो, कारण बऱ्याच घरांना तेच योग्य ठरेल.

आकड्यांची तुलना करण्याआधी भिंती स्वतः मोजा. साइडिंगचा व्यवहार 'स्क्वेअर'मध्ये होतो आणि एक स्क्वेअर म्हणजे 100 चौरस फूट. समजा, घर 40 बाय 30 फुटांचं आहे आणि भिंतीची उंची 9 फूट. घेर 140 फूट, म्हणजे भिंती झाल्या 1260 चौरस फूट. दोन्ही टोकांना छपराखालचे त्रिकोण 30 फूट रुंद आणि 8 फूट उंच असतील तर प्रत्येकी 120, म्हणजे आणखी 240. एकूण 1500. यातून गॅरेजच्या दारासारखी मोठी मोकळी जागा तेवढी वजा करायची. 16 बाय 7 चं दार असेल तर 112 गेले. साध्या खिडक्या वजा करू नयेत असं माझं मत आहे, कारण खिडकीभोवती कापलेले तुकडे दुसरीकडे क्वचितच बसतात. उरलेल्या 1388 वर दहा टक्के नासधूस धरली की साधारण 1527, म्हणजे 16 स्क्वेअर. त्रिकोण आणि कोपरे जास्त असतील तर नासधूस पंधरा टक्क्यांपर्यंत धरावी.

हा हिशेब अर्ध्या तासाचा आहे आणि त्याचा उपयोग मोठा. दोन कंत्राटदारांनी वेगवेगळं क्षेत्रफळ धरलं असेल, तर तुम्ही व्हिनायलची फायबर सिमेंटशी तुलना करतच नसता, दोघांच्या मोजपट्ट्यांची करत असता. मोजमाप एक झालं की दोघांनाही सांगा, या आकड्यावर दर द्या आणि काम ओळीओळीने मांडा: जुनं काढणं, राडारोडा उचलणं, हाउसरॅप (साइडिंगखाली भिंतीला गुंडाळायचं पाणी अडवणारं आवरण), फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या), कोपरापट्ट्या, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, सोफिट-फॅशिया (छपराच्या कडेची खालची आणि समोरची बाजू), रंग, परांची. शिवाय एक ओळ आग्रहाने लिहून घ्या. जुनं आवरण काढल्यावर खाली कुजलेलं प्लायवुड निघालं तर 4 बाय 8 च्या एका शीटला काय दर? ते आधी ठरलं नाही तर भिंत उघडी पडल्यावर ठरतं, आणि तेव्हा घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

असं ओळीओळीने मांडलं की फायबर सिमेंटच्या मोठ्या आकड्याचा उलगडा होऊ लागतो. मला आलेल्या कोटेशनांत तो व्हिनायलच्या दीडपटीच्या बराच पुढे होता. फरकातला सगळा भाग मालाचा नव्हता. फायबर सिमेंटचा एक स्क्वेअर शंभर किलोच्या वर भरतो, व्हिनायलचा वीस-पंचवीस किलोंच्या आसपास. बारा फुटांची एक फळी उचलायला दोन माणसं लागतात, कापायला वेगळी साधनं लागतात, कापलेली प्रत्येक कड रंगवून बंद करावी लागते. पैसा जातो तो मजुरीत. त्यात व्हिनायलच्या दरात पट्ट्या बहुधा धरलेल्याच असतात, रंगाचा प्रश्नच नसतो. फायबर सिमेंटला कोपऱ्याच्या फळ्या, सांधे बुजवायचं सीलंट आणि रंग यांच्या वेगळ्या ओळी येतात. म्हणजे एका कोटेशनात तयार भिंत असते आणि दुसऱ्यात कधीकधी निम्मं काम बाहेरच राहिलेलं असतं. हे फायबर सिमेंटच्या विरोधात जाणारं आहे, तरी बघून घ्या.

मजुरीत खर्च आहे म्हटल्यावर बचतही तिथेच शोधायची. मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे रुंद फळी. फळीचा थोडा भाग वरच्या फळीखाली दडतो. 9 फुटांच्या भिंतीला 4 इंच दिसणाऱ्या फळ्यांच्या 27 ओळी लागतात, 7 इंच दिसणाऱ्या फळ्यांच्या 16. ओळी कमी म्हणजे खिळे कमी, कापाकापी कमी, परांचीवरचे तास कमी. दिसायलाही मला रुंद फळी शांत वाटते, पण तो आवडीचा भाग झाला. छपराखालच्या त्रिकोणांत नक्षीदार तुकडे लावायचा मोह टाळला तर आणखी बचत होते. तिथे क्षेत्रफळ थोडं आणि वेळ भरपूर जातो. कामाची गर्दी नसते अशा हंगामात दर विचारणंही फायद्याचं. जुनं व्हिनायल किंवा लाकूड स्वतः काढून देता येतं, पण जुनी सिमेंटची साइडिंग असेल तर हात लावू नका. जुन्या काळच्या अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासणी, मग पुढचं.

बचत कुठे करू नये तेही सांगतो. व्हिनायल घेणार असाल तर सर्वात पातळ पट्टी घेऊ नका. 0.040 इंच आणि 0.046 इंच यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, लांब भिंतीवर उन्हात दिसून येतो. आणि दोन्हींतही फ्लॅशिंगवर काटछाट नको. पाणी साइडिंगच्या मागे जातंच, ते बाहेर काढायचं काम फ्लॅशिंग आणि हाउसरॅप करतात. त्यांच्यावर वाचवलेले पैसे पुढे प्लायवुडवर जातात.

आता व्हिनायलच्या बाजूने. रंग द्यावा लागत नाही ही फार मोठी गोष्ट आहे. मी त्या घरात असताना वर्षातून एकदा पाइपने पाणी मारलं की काम झालं. फायबर सिमेंटच्या कारखान्यातून रंगवून आलेल्या फळीच्या रंगालाही साधारण पंधरा वर्षांची हमी असते, त्यानंतर कधीतरी रंगारी बोलवावा लागणारच. मधल्या काळात सांध्यांतलं सीलंट बघत राहावं लागतं. तीस वर्षांचा हिशेब मांडला तर ही बचत व्हिनायलच्या पारड्यात पडते. शिवाय व्हिनायलची एखादी पट्टी फुटली तर हुकासारख्या एका साध्या हत्याराने वरची पट्टी सोडवून तेवढीच बदलता येते. फायबर सिमेंटची मधली फळी बदलणं एवढं सोपं नाही.

व्हिनायलबद्दल लोक जी तक्रार नेहमी करतात, लाटा येतात, वाऱ्यात वाजतं, त्यात अर्धा दोष लावणाऱ्याचा असतो. बारा फुटांची पट्टी ऊन-थंडीत अर्धा इंच सहज मागेपुढे होते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मध्यावर आणि किंचित सैल ठोकायचा असतो, टोकाला पाव इंच जागा सोडायची असते. घट्ट ठोकला की पट्टीला हलायला वाव राहत नाही आणि ती फुगते. नीट लावलेली पट्टी आडवी सरकवून बघा, ती सरकली पाहिजे. काम सुरू असतानाच हे तपासा.

इथपर्यंत बघितलं तर व्हिनायल पुढे आहे असं कुणीही म्हणेल, आणि माझ्या शेजारी खिडक्या बदलल्या नसत्या तर मीही पुन्हा तेच लावलं असतं.

शेजाऱ्यांनी उष्णता परतवणाऱ्या लेपाच्या दुहेरी काचांच्या नव्या खिडक्या बसवल्या. चांगल्या खिडक्या, चांगला विचार, त्यांची काहीच चूक नाही. पण त्यानंतर दुपारी आमच्या भिंतीवर उजेडाचा एक झगझगीत पट्टा दिसू लागला, जो उन्हाबरोबर हळूहळू सरकत जायचा. काही दिवसांनी तिथल्या पट्ट्या मेणासारख्या खाली लोंबल्या. आधी मला वाटलं माल खराब आहे. मग कारण कळलं. दोन काचांमध्ये बंद असलेला वायू थंडीत आकसतो किंवा बाहेरचा दाब वाढतो, तेव्हा काचा किंचित आत वाकतात आणि अंतर्वक्र आरशासारख्या काम करतात. लेपामुळे त्या ऊनही जास्त परतवतात. सगळी उष्णता एका अरुंद पट्ट्यात गोळा होते. साधं व्हिनायल सत्तर अंश सेल्सिअसच्या थोडं वर मऊ पडायला लागतं, आणि त्या पट्ट्यात तेवढं तापमान व्हायला कडक उन्हाळाच हवा असं नाही. सूर्य खाली असतो त्या थंडीच्या दिवसांतही ते होतं.

खरा वैताग पुढे आहे. हमीपत्र उघडलं तर बाहेरच्या उष्णतेने, परावर्तित उन्हाने आलेला बाक हमीत धरलेला नव्हता. बहुतेक हमीपत्रांत असंच लिहिलेलं असतं, तुमचंही वाचून बघा. पट्ट्या बदलल्या तर नव्या पट्ट्यांचा रंग उन्हात फिकट झालेल्या जुन्यांशी जुळला नाही, भिंतीवर ठिगळ दिसू लागलं. आणि खिडकी तिथेच असल्यामुळे नव्या पट्ट्याही वाकल्या. खिडकीच्या बाहेरून जाळी लावली की परावर्तन तुटतं. शेजाऱ्यांनी खालच्या खिडकीला ती आनंदाने लावू दिली, वरच्या खिडकीला जाळी बसवणं सोपं नव्हतं, आणि आपल्या भिंतीसाठी दुसऱ्याच्या खिडकीला किती हात लावायचा यालाही मर्यादा असते. भिंत गळत नव्हती. नुसती दिसत होती, रोज, गाडी लावताना. ज्याला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही त्याने हा परिच्छेद सोडून द्यायला हरकत नाही. मला वाटायचं.

फायबर सिमेंटच्या भिंतीवर तोच पट्टा आजही दुपारी येतो. फळ्या आहेत तशा सरळ आहेत. माझ्यासाठी निर्णय तिथे झाला, आणि मग बाकीच्या गोष्टी, आगीत न पेटणं, वाऱ्यातली शांतता, सावलीची ठसठशीत रेघ, या वरकड फायद्यासारख्या आल्या.

फायबर सिमेंटचेही नियम आहेत आणि ते कंत्राटदाराकडून पाळून घ्यावे लागतात. जमिनीपासून 6 इंच आणि छपराच्या उतारापासून किंवा ओट्यापासून 2 इंच जागा सोडायची. ती सुटली नाही तर फळीची खालची कड ओल धरते आणि तिथून रंगाचे पोपडे निघतात. कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना घातक आहे, म्हणून फळी कातरीने कापणार की धूळ ओढणाऱ्या करवतीने, हे आधीच विचारा. उघड्यावर साध्या चक्री करवतीने कापणारा गट दरात स्वस्त पडला तरी मी घेणार नाही. त्यांच्या माणसांसाठीही नाही आणि आपल्या घरासाठीही नाही.

मधला मार्गही आहे. ज्या भिंतीसमोर काचा आहेत, किंवा जिथे शेगडी मांडून बाहेर भाजणं-शेकणं चालतं, तेवढी भिंत फायबर सिमेंटची करायची आणि उरलेल्या व्हिनायलच्या ठेवायच्या. कोपऱ्याची पट्टी नीट निवडली तर जोड फारसा टोचत नाही. मात्र दोन वेगळे माल, दोन वेगळे गट, दोनदा परांची असं झालं तर बचतीचा बराच भाग तिथेच जातो. एकच कंत्राटदार दोन्ही करत असेल तरच हा विचार करा.

म्हणून सही करण्याआधी एखाद्या लख्ख दुपारी घराभोवती चक्कर मारा, शक्यतो सूर्य खाली असतो त्या महिन्यांत. भिंतीवर कुठे उजेडाचे पट्टे पडताहेत का बघा, पडत असतील तिथे हात लावून बघा. समोरच्या घराच्या खिडक्या जुन्या असतील तर त्या केव्हातरी बदलल्या जाणार हेही धरून चाला. आसपास घरं लांब असतील, काचा समोर नसतील, तर फिकट रंगाचं, मध्यम जाडीचं व्हिनायल घ्या, नीट लावून घ्या, थोड्या पट्ट्या शिल्लक ठेवा, आणि वाचलेल्या पैशांत फ्लॅशिंग उत्तम करा. पट्टा पडत असेल तर दोन्ही कोटेशनं भिंतीनिहाय तोडून मागा आणि निदान त्या एका भिंतीचा फायबर सिमेंटचा दर बघा. मीही सुरुवात त्या एका भिंतीच्या दरानेच केली होती. परांची आणि माणसं येणारच आहेत हे धरून उरलेल्या तीन भिंतींचा वाढीव आकडा मागितला, तो पहिल्या कोटेशनवरून वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला, आणि मग चारही भिंती एकाच मालाच्या केल्या.